थेंबापासून मुळापर्यंत

शिवपिंडीवरची गळती पाहत वाढलेल्या आपल्याला थेंबाथेंबाने पाणी देणे नवे नाही. शेतात ही युक्ती आली ती मडक्यातून. झाडाजवळ मडके गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे. भोवतीची माती सुकेल तसे ते पाझरते. फान शंगचीच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चिनी कृषिग्रंथात ही रीत आहे.

मडक्याची नळी व्हायला दोन हजार वर्षे लागली. १९३०च्या दशकात पॅलेस्टाईनमध्ये सिम्खा ब्लास या जलअभियंत्याला शेजारच्या झाडांहून जोमदार वाढलेले एक झाड दिसले. त्याच्या बुडाशी नळ गळत होता. प्लॅस्टिक हाती आल्यावर त्याने ती गळतीच पक्की केली. बारीक छिद्र गाळाने बुजते, म्हणून त्याने पाण्याची वाट लांब आणि वळणाची केली. घर्षणाने वेग मोडला आणि थेंब पडू लागला. १९६५मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, या ड्रीपरचे उत्पादन हाती घेतले. आपल्याकडे जळगावात भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकाअखेरीस हा उद्योग उभा केला, आणि केळी, द्राक्ष, डाळिंबाच्या बागांत ठिबकच्या नळ्या, लॅटरल, पसरल्या.

थेंबाने मुळांची वस्तीच बदलली. पाटपाण्याच्या बागेत दूरवर पसरणारी मुळे ओल्या पट्ट्यात गोळा झाली. कोरड्या मातीत टाकलेले खत त्यांना पोचेना, म्हणून खतालाही पाण्यातून यावे लागले. इथे व्हेंच्युरी कामी आली: अरुंद जागी पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खताचे द्रावण आपसूक ओढले जाते. हे तत्त्व इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७मध्येच मांडले होते.

आज बागायतदाराच्या तोंडी एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ट, शून्य-बावन्न-चौतीस ही पाण्यात विरघळणाऱ्या खतांची नावे असतात. पण प्रत्येक सोयीला शिस्त आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एका टाकीत कालवले तर साका बसून ड्रीपर बुजतात. क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. पहिल्या हलक्या सरीत ते मुळांकडे परततात, तेव्हा पाऊस आहे म्हणून ठिबक बंद करू नये.

मडके मातीची तहान ओळखून पाझरत असे. नळीला ती जाण नाही. ती आपण ठेवायची. व्हॉल्व्ह उघडण्याआधी मूठभर माती दाबून वाफसा पाहा, आणि खताची पिशवी फोडण्याआधी माती व पान-देठ तपासून घ्या.