उणे तीनशे अंशांची सळई

जालन्यात वाढलेल्या पोराला तापलेल्या लोखंडाचं अप्रूप नसतं. एमआयडीसीकडे गेलं की भंगाराच्या गाड्या दिसतात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळया धावताना दिसतात. माझा मामा अशाच एका मिलमध्ये कामाला. म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्टही सळईवरच घेतला.

टीएमटी सळई बनते ती अशी: सुमारे १००० अंशांची सळई पाण्याच्या पाइपातून जेमतेम सेकंदभर जाते. बाहेरचं कवच झटकन गार होऊन कडक होतं. मग आतली उष्णता बाहेर येते आणि कवचाचा ठिसूळपणा घालवते. बेल्जियममध्ये १९७०च्या दशकात विकसित झालेल्या 'टेम्पकोर' पद्धतीचं तत्त्व हेच. तो सेकंद चुकला तर सळई चुकते, आणि सळई घराच्या स्लॅबमध्ये जाते.

मी १६ मिमीची सळई कॉम्प्युटरवर उभी केली. पृष्ठभाग एकदम ३० अंशांवर आणला आणि रन दिला. कवचाच्या लगेच आतला बिंदू उणे ३००च्या आसपास! विश्वातलं सगळ्यात कमी शक्य तापमान उणे २७३.१५ आहे. मामा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे, पाणी तीसचं आणि सळई त्याहून गार? कुठून आणली एवढी थंडी?"

सॉफ्टवेअरने एररही दाखवली नव्हती. उत्तर शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेलो.

उष्णता कशी वाहते याचं समीकरण जोसेफ फूरिए यांनी १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवलं. लाग्रांजसारख्यांना त्यांचं गणित पटलं नाही. पुस्तक निघायला १८२२ उजाडलं. पण खऱ्या वस्तूसाठी ते समीकरण सोडवायचं तर काळाचे आणि अंतराचे तुकडे करावे लागतात. १९१० मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन यांनी त्यासाठी एक रीत सुचवली. पुढे लक्षात आलं की काळाचा तुकडा कितीही लहान घेतला तरी तिच्यातली चूक फुगतच जाते.

१९४७ मध्ये जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी तोडगा काढला. निकोल्सन युद्धकाळात मँचेस्टरला डग्लस हार्ट्री यांच्या गटात होत्या. तोडगा साधा होता: उष्णतेचा प्रवाह मोजताना आधीच्या क्षणाचा हिशेब आणि पुढच्या क्षणाचा हिशेब यांची सरासरी घ्यायची. काळाचा तुकडा कितीही मोठा असला तरी ही रीत फुटत नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही तिचा पर्याय असतो. मी तोच निवडला होता.

माझी गफलत इथेच झाली. 'फुटत नाही' म्हणजे 'बरोबर असतं' असं मी धरून चाललो. तापमान एकदम कोसळलं आणि काळाचा तुकडा मोठा असला, तर या रीतीचं उत्तर खऱ्या आकड्याच्या खाली-वर हेलकावे खातं. आकडे अनंताकडे जात नाहीत, पण खोटे असतात.

मग कागदावर हिशेब केला. माझ्या जाळीतला एक घर अर्ध्या मिलिमीटरचा. तापलेल्या पोलादात उष्णता साधारण ६ चौरस मिमी प्रतिसेकंद या वेगाने पसरते. अर्ध्याचा वर्ग भागिले ६, म्हणजे एक घर ओलांडायला सुमारे ०.०४ सेकंद. आणि मी काळाचा तुकडा दिला होता ०.५ सेकंदाचा! सेकंदभराच्या खेळाचे फक्त दोन फोटो काढले होते.

तुकडा ०.०२ केला. एकही बिंदू तीसच्या खाली गेला नाही. तेव्हापासून रंगीत चित्र बघण्याआधी मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघतो. सळईच्या आत उष्णता तयार होत नसेल, तर ती पाण्याहून गार किंवा सुरुवातीपेक्षा गरम होऊच शकत नाही.

नवा आलेख मामाला दाखवला. तो म्हणाला, "हां, आता जमतंय. पण सळई पाण्यात गेली की आधी वाफ धरते. वरचा भाग एकदम तीसचा कसा होईल?"

मी पुन्हा लॅपटॉप उघडला.