शाळकरी निबंध आणि वाङ्मयेतिहास

मराठी निबंधाची परंपरा मांडताना वाङ्मयेतिहास बहुधा लोकहितवादींच्या 'शतपत्रां'पासून (१८४८) निघतो आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पाशी (१८७४) स्थिरावतो. या दोहोंच्या दरम्यान, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदया'त जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. समाजसुधारणेच्या इतिहासात त्याचा गौरवाने उल्लेख होतो. निबंधाच्या इतिहासात मात्र तो क्वचितच येतो. 'विद्यार्थिनीचे लेखन' ही त्याची ओळखच त्याच्या वाङ्मयीन विचाराच्या आड आलेली दिसते.

वस्तुतः ही संहिता इतिहासलेखनाच्या दृष्टीने असाधारण आहे. दुसऱ्या बाजीरावाची सत्ता १८१८ मध्ये संपली. मुक्ताचा जन्म त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने झाला. म्हणजे पेशवाईतील अत्याचारांची जी वर्णने ती करते, ती तिने पाहिलेली नाहीत, ऐकलेली आहेत. बखरकारांनी जी स्मृती टिपली नाही, ती इथे शाळेत नुकतीच मिळालेल्या लिपीत उतरते. धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नसेल तर आपला धर्म कोणता, हा तिचा प्रश्न तर निखळ तार्किक आहे. इंग्रजी अमलाची तिने केलेली स्तुती आज खटकेल. पण जिला वाचनाची संधी त्या अमलातच मिळाली तिच्या राजकीय आकलनाचा तो भाग होय, आणि तो वगळून निबंध वाचणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. हा विचार तिचा की शिक्षकांचा, अशी शंका घेता येईल. मात्र बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांचे दुःख ज्या जवळिकीने येथे येते, ती जवळीक शिकवून येणारी नव्हे.

शिक्षकाच्या हाताचा प्रश्न खानदेशात अगदी वेगळ्या रूपात उभा राहतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी १९२४ मध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांपर्यंत बाहेरचे जग पोहोचवावे, हा त्यामागील हेतू. रोज स्वहस्ते लिहिलेल्या मजकुराची ही चिकाटी थक्क करणारी आहे. तरीही येथे लिहितो तो प्रामुख्याने शिक्षक. विद्यार्थी वाचतो, भारावतो. पुण्याच्या शाळेत अनुभव विद्यार्थिनीकडे होता आणि शिक्षकांनी तिला भाषा दिली. अमळनेरात अनुभव, आदर्श आणि भाषा ही तिन्ही गुरुजींकडून येतात. गुरुजींच्या पुढील गद्यातील उमाळा, वाचकाला मुलासारखे जवळ घेण्याची लकब, आणि समीक्षकांना जाणवलेला भाबडेपणाही, या छात्रालयीन वाचकवर्गाशी जोडून पाहावयास हवा. 'श्यामची आई' (१९३५) नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली खरी; पण तीमधील निवेदनाची चौकट, रात्री मुले भोवती बसलेली आणि एक जण सांगतो आहे, ही छात्रालयाचीच आहे.

१९३० मध्ये गुरुजींनी शाळा सोडली व ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ती उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. अमळनेरात मुलांसाठी रोज मजकूर लिहिणारा हा शिक्षक धुळ्यात दर रविवारी विद्यार्थ्याच्या जागी बसून दुसऱ्याचे शब्द टिपत होता.