फोडलेलीं पत्रें

जोसेफ मॅझिनीचें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. सावरकरांनीं १९०७ सालीं त्याचें आत्मचरित्र मराठींत आणलें. लंडनमध्यें निर्वासित असतां १८४४ सालीं त्यास संशय आला कीं, आपलीं पत्रें टपालांत कोणी फोडतें. त्यानें पाकिटांत खसखशीचे व वाळूचे कण घालून पाहिले. पाकिटें पोंचलीं, कण मात्र नाहींसे! प्रकरण पार्लमेंटांत गेलें, तेव्हां गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्याच हुकमानें पत्रें उघडलीं जात असल्याचें, व त्यांतील माहिती परकी सरकारास कळविल्याचें बाहेर आलें. त्याच जुलैंत मॅझिनीशीं पत्रव्यवहार असलेल्या बांदिएरा बंधूंस इटलींत गोळ्या घालण्यांत आल्या. तीं पत्रेंच त्यांस भोंवलीं काय, याविषयीं मतभेद आहे. पण इंग्लंडांतील लोक खवळले ते उगाच नव्हे.

लाखेची मोहोर वाटेवरच्या चोरास अडवील. टपाल वाहणारासच फोडावयाचें असेल तर ती काय करणार? आज आपला संदेश कितीएक तारांतून व यंत्रांतून जातो, आणि तीं सर्व परक्यांचीं. म्हणून मजकूरच सांकेतिक करून, किल्ली दोन्ही टोकांच्या माणसांपाशीं ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. मग कोणीं पाकीट फोडलें तरी हातीं निरर्थक अक्षरेंच येतात. पत्र कोणीं कोणास धाडलें, हें मात्र बहुधा त्यासहि दिसतें.