ताकदीची गोळी

औषधाच्या दुकानात उभं राहून मी प्रत्येकाला विचारते, "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" लोक बीपीची सांगतात, थायरॉइडची सांगतात. कॅल्शियमची मात्र राहते. "ती काय, ताकदीची गोळी!" हा समज जुना आहे आणि तो रुग्णांना महागात पडलेला आहे.

शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली पोटातल्या अल्सरवर एक उपचार मांडला. दर तासाला दूध आणि मलई, मधल्या वेळात सोडा, मॅग्नेशिया, कॅल्शियम कार्बोनेट यांसारखी आम्ल मारणारी चूर्णं. दुखणं थांबायचं, म्हणून हा उपचार झपाट्यानं पसरला. पण १९२३ मध्ये हार्ट आणि रिव्हर्स या डॉक्टरांनी त्याची दुसरी बाजू नोंदवली : दुधाची शिसारी, डोकेदुखी, उलट्या, चक्कर, मूत्रपिंडाला इजा. १९४९ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच घेणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. रक्तात कॅल्शियम वाढलेलं, मूत्रपिंडं निकामी होत चाललेली. रक्तातली अल्कली वाढली की मूत्रपिंड कॅल्शियम बाहेर टाकायला कमी पडतं, आणि साचलेलं कॅल्शियम पुन्हा मूत्रपिंडालाच मारतं. या आजाराला 'मिल्क-अल्कली सिंड्रोम' म्हणतात.

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची, १९६८ च्या सुमाराची. फेनिटॉइन घेणारे फिटचे रुग्ण अचानक झोकांड्या खाऊ लागले. डोस तोच होता, पण कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेलं कॅल्शियम सल्फेट काढून कंपनीनं लॅक्टोज घातलं होतं. आजवर ते कॅल्शियम औषधाला पुरतं शोषू देत नव्हतं. ते गेल्यावर रक्तातलं औषध विषारी पातळीवर पोचलं. केवळ भर म्हणून घातलेला पदार्थ रुग्णाचा डोस ठरवत होता!

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारं औषध आलं आणि सिपींची पद्धत मागे पडली. मिल्क-अल्कली सिंड्रोमही दुर्मीळ झाला. पण हाडांच्या ठिसूळपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट आणि ड जीवनसत्त्व घरोघरी पोचलं, तसा तो परतला. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढून घेतं. बीपीसाठी दिली जाणारी थायाझाइड गटातली गोळी कॅल्शियम लघवीवाटे फारसं जाऊ देत नाही. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल किंवा सारकॉइडोसिससारखा आजार असेल, तर धोका आणखी वाढतो.

हाडांना कॅल्शियम लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा डॉक्टरांनी आठवड्याला एकदा सांगितली असेल, तर ती रोज घ्यायची नाही. आणि डॉक्टरांपुढे औषधांची यादी ठेवताना कॅल्शियमचं नाव त्यात लिहा. शंभर वर्षांचा हा इतिहास एवढंच मागतो, की कॅल्शियमला औषध म्हणून मोजा.