माहूरची रेणुका : सीमाभागातील मातृदेवता

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर हे रेणुकादेवीचे पूर्ण पीठ होय. नांदेड जिल्ह्यातल्या या गडावरील देवीचा भक्तपरिवार राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. आदिलाबाद आणि निर्मल यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेल्या गुडीहत्नूरच्या परिसरातही मराठी घरांतून तिला कुलदेवीचा मान आहे.

रेणुकेची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले म्हणून जमदग्नी ऋषींनी तिचा वध करण्याची आज्ञा पुत्रांना केली. चार पुत्रांनी नकार दिला. परशुरामाने आज्ञा पाळली आणि प्रसन्न झालेल्या पित्याकडून पहिला वर मागितला तो आई जिवंत होण्याचा. माहूरची परंपरा ही कथा पुढे नेते. जमदग्नींची हत्या झाल्यावर परशुराम कावडीत पित्याचा देह आणि आईला घेऊन कोऱ्या भूमीच्या शोधात माहूरला आला. दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितला, रेणुका सती गेली. शोकाकुल परशुरामाला आकाशवाणी झाली : आई भूमीतून प्रकट होईल, पण मागे पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, तेव्हा आईचे केवळ मुख वर आले होते.

म्हणूनच गाभाऱ्यात सर्वांगी मूर्ती नाही. तेथे शेंदूर लावलेला, मुकुट घातलेला भव्य मुखवटा म्हणजे देवीचा तांदळा आहे. तिला विड्याचा नैवेद्य दाखवतात आणि विडा कुटून केलेला तांबूल प्रसाद म्हणून देतात. परडी, जोगवा आणि गोंधळ यांतून हीच उपासना घरोघर चालते. तेलंगणात ती रेणुका-एल्लम्मा होते. ताडी काढणारा गौड समाज तिला विशेष मानतो. त्यामुळे सीमाभागातील मराठी आणि तेलुगू भाविकांची श्रद्धा एकाच मातेपाशी मिळते.

पित्यासाठी मातेवर शस्त्र उचलणारा पुत्र ग्रीक पुराणकथेतही आहे. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ नाट्यत्रयीत ओरेस्टीस पित्याच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारतो. मातृरक्ताचा सूड घेणाऱ्या एरिनीस देवता त्याचा पाठलाग करतात. अथेना न्यायसभा भरवते, समान मते पडतात आणि तो सुटतो. मग अथेना त्या संतप्त देवतांची समजूत घालून त्यांना अथेन्समध्ये पूजास्थान देते. तेथे आईच्या वतीने उभ्या राहिलेल्या देवतांना मान मिळाला. माहूरला तो साक्षात आईला मिळाला. जिच्यावर अन्याय झाला तीच गडाची अधिष्ठात्री झाली, हा रेणुकेच्या दैवतरूपाचा गाभा आहे.

माहूर पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुक्याबरोबर ते नांदेड जिल्ह्यात गेले, तर बासरच्या ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र मुधोळ तालुक्याबरोबर नांदेडमधून आदिलाबादकडे आले. आज बासर निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे आणि राज्ये बदलली, तरी कुळाचार बदलला नाही. मुलांच्या अक्षराभ्यासासाठी महाराष्ट्रातली कुटुंबे बासरला जातात आणि नवरात्रात तेलंगणातले भाविक माहूरचा गड चढतात.