सिरियमच्या ठिणग्या

साल १८९१. नोव्हेंबरची गार संध्याकाळ. व्हिएन्नात ऑपेराजवळच्या एका कॅफेबाहेर तुम्ही गर्दीत उभे आहात. गॅसच्या उघड्या ज्योतीचा पिवळट, थरथरता उजेड तुमच्या सवयीचा. आज मात्र दिवा लागतो आणि रस्ता पांढराशुभ्र होतो. शेजारच्याच्या हातातल्या वर्तमानपत्राची बारीक अक्षरंही तुम्हाला वाचता येतात.

हे घडलं कसं, ते पाहायला रसायनतज्ज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांच्या प्रयोगशाळेत शिरा. सुती जाळीची पिशवी क्षारांच्या द्रावणात भिजवतात, वाळवतात, पेटवतात. सूत जळून जातं. उरते ती ऑक्साइडची जाळी, बोट लागलं तरी मोडेल अशी. तिच्यात ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि अवघा एक टक्का सिरियम ऑक्साइड. सिरियम नसेल तर उजेड फिका; जास्त झालं तरी मंद. एवढं नेमकं प्रमाण सापडायला कित्येक वर्षं गेली आहेत. पुढे आपल्या गावोगावी लग्नाच्या वराती आणि तमाशाचे फड ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात रंगले, त्यांच्यातलं मेंटल म्हणजे हीच जाळी.

आता १९०९. त्रावणकोर संस्थानातला मनवलकुरिचीचा किनारा. पायाखालची वाळू काळी आहे, ते इल्मेनाइट. मूठभर उचला, नेहमीच्या वाळूपेक्षा जड लागेल. उन्हात धरली की गार्नेटचे लाल कण चमकतात आणि त्यांच्यात मिसळलेले मधाच्या रंगाचे कणही दिसतात. हे मोनाझाइट. शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते इथे हेरलं आहे. युरोपातल्या जाळ्यांना यातलं थोरियम हवंय. थोरियम काढून घेतलं की मागे ढिगाने उरतं सिरियम. दुर्मिळ मृदा धातूंमध्ये त्याची गणना होते, पण पृथ्वीच्या कवचात ते जवळपास तांब्याइतकं आहे.

या उरलेल्या मालाचा उपयोगही आउअर यांनीच शोधलाय. सिरियम आणि त्याच्या भावंडांच्या मिश्रणात सुमारे ३० टक्के लोखंड घालून त्यांनी १९०३ मध्ये एका मिश्रधातूचं पेटंट घेतलं. सिरियम मऊ, सुरीने कापता येईल असं, आणि ऑक्सिजनला हपापलेलं. लोखंड मिसळलं की ते कडक होतं. मग घासल्यावर जो कीस निघतो, तो घासण्याच्या उष्णतेनेच हवेत पेटतो. लायटरचा खडा तयार!

पुढचा थांबा अवघड आहे. १९४४ चा हिवाळा, आउशवित्झच्या छळछावणीतला मोनोवित्झ विभाग. तरुण इटालियन रसायनतज्ज्ञ प्रीमो लेव्ही याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत जुंपलं आहे. तिथल्या एका बरणीत त्याला राखाडी रंगाच्या छोट्या कांड्या सापडतात. चिठ्ठी नाही. चाकूने खरवडल्यावर पिवळ्या ठिणग्या उडतात आणि त्याला उलगडा होतो: हा तोच लायटरच्या खड्याचा मिश्रधातू. छावणीत चोरून लायटर बनतात. एका खड्याला एका दिवसाची भाकरी मिळते. रात्री तो आणि त्याचा मित्र आल्बेर्तो पांघरुणाखाली कांड्या तासून बारीक करतात. ठिणगी गवताच्या गादीवर पडली किंवा कुणी पाहिलं, तर सगळं संपलं. तुम्हीही श्वास रोखून धरता. १२० खडे तयार होतात. दोघांना प्रत्येकी दोन महिने जगता येईल, असा त्यांचा हिशेब. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी केली जाते, तेव्हा लेव्ही आजारी म्हणून मागे राहतो आणि वाचतो; कैद्यांच्या तांड्याबरोबर चालत गेलेला आल्बेर्तो परतत नाही. लेव्हीने १९७५ च्या ‘द पिरिऑडिक टेबल’मध्ये ही हकिकत लिहिली. त्या प्रकरणाचं नाव ‘सिरियम’.

परत या, आजच्या रस्त्यावर. सिग्नलला थांबलेल्या पेट्रोलगाडीच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, आणि त्याच्या आत सिरियम ऑक्साइड. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तेव्हा ते साठवून घेतं, कमी पडला की सोडतं. त्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होत राहतो. ऑक्सिजनची जी ओढ ठिणगी पाडते, तीच इथे देवघेव होऊन आपल्या फुप्फुसांची राखण करते.

आज जगाचं लक्ष निओडिमियमवर आहे, कारण विजेवरच्या गाड्यांच्या मोटारींना त्याचे चुंबक लागतात. पण मोनाझाइटमधून निओडिमियम काढायला गेलं की त्याच्या दुपटीहून जास्त सिरियम बाहेर येतं. ते काचा आणि लेन्स चकचकीत करायला वापरतात, तरी पुष्कळ शिल्लक राहतं. भारताच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटचे मोठे साठे आहेत. चुंबकांची धोरणं आखताना या मुबलक भावंडासाठीही नवे उपयोग शोधायला हवेत. टाकाऊ ढिगातून लायटरचा खडा निघाला होता. तशा शोधाची संधी आज आपल्या प्रयोगशाळांपुढे आहे.