राज्याचें गुपित आणि मृतांचा हक्क

राज्याला गुपित राखावें लागतें, हें कौटिल्यानेंही मानलें आहे. परंतु तें शत्रूपासून राखावयाचें कीं स्वतःच्या प्रजेपासून, हा खरा प्रश्न होय.

१२ जुलै २००७ रोजीं बगदाद शहरांत अमेरिकन हेलिकॉप्टरांतून गोळीबार झाला. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी व इतर अनेक जण प्राणास मुकले. जखमीस उचलावयास आलेल्या गाडीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. तींतील दोन मुलें घायाळ झालीं. जमावांत सशस्त्र माणसें होतीं, असें सांगून सैन्याच्या चौकशीनें हल्ला नियमांस धरून ठरविला. रॉयटर्सनें मागूनही चित्रण मिळालें नाहीं. अखेर २०१० सालीं विकिलीक्सनें तें प्रसिद्ध केलें. तें पुरविणाऱ्या सैन्यांतील विश्लेषक चेल्सी मॅनिंग यांस २०१३ सालीं ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१७ सालीं राष्ट्राध्यक्ष ओबामांनीं ती कमी केली.

मॅनिंग यांनीं लक्षावधि कागद बाहेर दिले. ते सारे उघड होणें योग्यच होतें, असें मी म्हणणार नाहीं. परंतु या चित्रणांत उद्यांच्या लढाईचा बेत नव्हता. तीन वर्षांपूर्वीं रस्त्यावर पडलेल्या माणसांचें मरण होतें. उद्यांचा बेत झांकणें हें राज्याचें कर्तव्य असूं शकेल; कालचे मृत झांकण्याचा अधिकार मात्र त्याला कोणीं दिला?